लाल रेघ

मिस्त्रीनं गॅरेजच्या दारापुढं उभ्या गाडीचं बॉनेट उचललं, एअर फिल्टर काढून बाजूला ठेवला आणि कार्बोरेटरवर वाकला. वाकल्या वाकल्या त्याचं तोंड कुजका शेंगदाणा चावल्यासारखं झालं.

रेघ तुटली होती.

सहा महिन्यांपूर्वी या गाडीचा स्लो लावून झाल्यावर त्यानं स्क्रूच्या डोक्यावरून खालच्या धातूपर्यंत लाल रंगाची बारीक रेघ ओढली होती. पायाखाली काही न दाबता इंजिन जागच्या जागी ज्या चालीनं फिरत राहतं, ती चाल म्हणजे स्लो. ती नुसत्या कानानं लावणारे आता फारसे उरले नव्हते, आणि लाल रेघ ही मिस्त्रीची सही होती. आता स्क्रूवरचा तुकडा एकीकडे होता आणि खालचा दुसरीकडे. चांगला पाव फेरा. शिवाय तुटल्या जागी रंगाचं बारीक शेपूट ओढलं गेलं होतं. म्हणजे रंग ओला असतानाच कुणीतरी स्क्रू फिरवला होता.

स्क्रूच्या खाचेत काहीतरी तपकिरी, वाळून कडक झालेलं चिकटलं होतं. त्यानं ते नखानं खरवडलं, नाकाशी नेलं आणि झटकून टाकलं.

“शी! पाल हगलीय की काय इथं?”

गाडीचे मालक, निवृत्त मास्तर, दारातल्या स्टुलावर बसले होते. त्यांनी मान वर केली.

“काय झालं, मिस्त्री?”

“गाडी मधे कुणाला दाखवली होती?”

“छे हो! तुमच्याशिवाय हिला कुणाला हात लावू देत नाही मी. सासरच्यांना तर आत बसूही देत नाही. त्या दिवशी तुम्ही वर आंघोळीला गेला होता, मी आलो आणि घेऊन गेलो. आणि सांगतो तुम्हाला, सहा महिन्यांत एकदाही चौकात बंद पडली नाही. काय हात आहे तुमचा!”

मिस्त्रीला ते कौतुक कुणाचं तरी उष्टं ताट पुढं सरकवल्यासारखं वाटलं. त्यानं चिंधीला हात पुसले. चिंधीच इतकी मळकी होती, की हात आणखी काळे झाले.

आत, गॅरेजच्या दुसऱ्या अर्ध्या भागात धाकटा भाऊ एका नव्या गाडीला वायरी जोडून पडद्यावरचे आकडे बघत होता.

“इकडं ये.”

“दादा, हातातलं एवढं—”

“ठेव ते खाली. हा स्क्रू तू फिरवलास.”

धाकटा वाकून बघू लागला.

“मी? माझ्या गाड्यांना असला स्क्रूच नसतो, दादा.”

“म्हणूनच हात शिवशिवले असतील. पाठीमागून माझं काम दुरुस्त करतोस? मी काय बहिरा झालोय?”

“बहिरा कोण म्हणालं तुला?”

कुणीच म्हणालं नव्हतं. मास्तरांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

“आजपासून तुझं तू, माझं मी,” मिस्त्री म्हणाला. “मधे भिंत घालू. त्या वायरी उचल तुझ्या. बघूनच किळस येते. आतडी सोडल्यासारखी पसरलीत सगळीकडं.”

“अहो, एका स्क्रूवरून सख्ख्या भावाला...” मास्तर पुटपुटले.

“तुम्ही बसा, मास्तर.”

धाकट्यानं मान खाली घातली. लहानपणी मिस्त्री त्याचं नाक पुसून शाळेत सोडायचा, तेव्हाही तो अशीच मान खाली घालून उभा राहायचा. तो एक एक वायर कोपराभोवती गुंडाळू लागला.

मिस्त्रीनं इंजिन चालू करून चांगलं तापू दिलं. मग हवा-पेट्रोलचा स्क्रू इंजिन लडखडेपर्यंत आत घेतला, सावरेपर्यंत बाहेर काढला. मग स्लोच्या स्क्रूनं चाल वाढवली, डोळे मिटले आणि कान खाली नेला. चाल उतरवत, उतरवत एका जागी थांबला. गुळगुळीत. त्यानं रंगाची बाटली उघडली, नवी रेघ ओढली, गाडी तशीच चालू ठेवली आणि रोजच्यासारखा आंघोळीला मागच्या जिन्यानं वर गेला.

स्वयंपाकघर गॅरेजच्या बरोबर वर. दारावरची खिडकी उघडी होती. बायको ओट्याशी पीठ मळत होती. तिनं मागं वळूनही बघितलं नाही.

“मास्तरांची ना?”

“हं.”

“अडखळतेय हो अजून.”

“काय?”

“चार ठोके नीट, पाचव्याला दचकते. ऐका की.”

तो खिडकीशी गेला. खालून एकसारखी घरघर येत होती, तिला कुठं गाठ नव्हती. मग त्याची नजर गाडीच्या एरिअलवर गेली. ती उभी तार बारीक थरथरत होती, आणि मधेच तिला झटका बसत होता. थरथर, थरथर, झटका. त्यानं मोजलं. पुन्हा मोजलं.

मागं वळला तेव्हा बायको अंगठ्याच्या नखात अडकलेलं पीठ परातीच्या काठावर पुसत होती. तो त्या अंगठ्याकडं बघत राहिला.

“किती गाड्या?” त्यानं विचारलं.

“मोजल्या नाहीत.”

“मला सांगायचं होतंस.”

“सांगितलं होतं. दोनदा,” ती म्हणाली. “जिन्यातून. तुम्हाला ऐकू आलं नाही.”

मिस्त्रीच्या तोंडात कडू पाणी आलं. त्यानं ते खिडकीतून थुंकायचं ठरवलं, पण खाली धाकटा वायरींची पेटी उचलून दाराबाहेर आला होता. त्यानं ते गिळलं.

“ए! कुठं निघालास ते घेऊन?”

धाकट्यानं वर बघितलं. “तूच म्हणालास ना, दादा...”

“ठेव ती जागेवर. भिंत-बिंत काही नाही. स्क्रूला तू हात लावला नव्हतास.”

“मग कुणी?”

“ठेव म्हटलं ना! रस्त्यात पसारा नको.”

मास्तरांचं हसणं त्याला दिसलं. आवाज आला नाही.

त्यानं खिशातला बारीक स्क्रूड्रायव्हर काढला, धोतराच्या जुन्या तुकड्यानं टोकापर्यंत पुसला आणि ओट्यावर, परातीपासून जरा लांब ठेवला. खुंटीवरचा पंचा खांद्यावर टाकला. न्हाणीघराच्या दारात मात्र थांबला. बायकोकडं न बघता म्हणाला,

“रंग ओला आहे, लवकर जा. आणि हात धुऊन जा. गेल्या खेपेला घाण करून ठेवली होतीस.”