पंखावरचे ठिपके

वहिनींच्या फोटो स्टुडिओतून कोणी आल्या तोंडानं परत जात नसे. येताना माणूस मुरमं, तीळ, डोळ्यांखालची काळी वर्तुळं घेऊन यायचा आणि पाकिटात घालून न्यायचा तो लोण्याच्या गोळ्यासारखा चेहरा. काउंटरवर बसलेली नणंद पाकीट देताना हमखास म्हणायची, "जपून ठेवा हं. घरच्यांनी ओळखलं नाही तर पुरावा म्हणून लागेल." नणंद हाक मारायची म्हणून सगळी गल्लीही त्यांना वहिनीच म्हणायची.

माणसांचे चेहरे बघून डोळे शिणले की वहिनी जवळची लेन्स लावून फुलपाखरांमागे जायच्या. गावात अशा वेड्यांचा एक गट होता. वाचनालयाच्या मागच्या खोलीत तो जमायचा. गटाचे प्रमुख म्हणजे निवृत्त झालेले जनावरांचे डॉक्टर. ज्या फुलपाखराची ओळख पक्की पटली, त्याचाच फोटो ते खोलीच्या भिंतीवर लावू देत. वहिनींचे फोटो बघून ते मान डोलवायचे, "सुरेख आहे," म्हणायचे आणि परत करायचे. भिंतीवर वहिनींचं म्हणून काही नव्हतं.

एका सभेला मात्र वहिनी चांदवा नावाच्या फुलपाखराच्या मादीचा फोटो घेऊन गेल्या. ही मादी मोठी सोंगाडी. कडवा नावाचं केशरी फुलपाखरू चवीला कडू, म्हणून पक्षी त्याच्या वाटेला जात नाहीत. चांदव्याच्या मादीत कडूपणा नाही, पण रंगरूप हुबेहूब कडव्याचं. फरक पाहायचा तो मागच्या पंखावर. कडव्याला तिथं मधोमध तीन-चार काळे ठिपके असतात, हिला मध्यावर एकही नसतो. गावात कडवे पैशाला पासरी होते. चांदवा आजवर कोणालाच दिसला नव्हता.

वहिनींच्या फोटोत पंखाचा मध्य स्वच्छ होता. अंमळ जास्तच स्वच्छ.

डॉक्टरांनी फोटो खिडकीच्या उजेडात नेला, भिंग लावलं आणि हळूच विचारलं, "वहिनी, पंख धुऊन काढलेत का हो?"

वहिनींनी स्वतःच्या बोटांकडे पाहिलं. हात सवयीचा. डाग दिसला की पुसायचा, हे त्या हाताला सांगावं लागत नसे. फोटो संगणकावर उघडल्यावर त्यांनी पंखावरचे परागकण पुसले होते, एक ओरखडा भरून काढला होता, आणखीही काहीबाही केलं होतं. त्यात ते काळे ठिपके होते का? आठवेना. आणि स्टुडिओत करतात तसा नवा फोटो त्यांनी जुन्यावरच जतन केलेला. मूळ फोटो उरलाच नव्हता.

"पुसलंय थोडं," त्या म्हणाल्या. "पण काय पुसलं, ते मलाच सांगता येत नाही."

"म्हणजे कडवाच, पण पार्लरला जाऊन आलेला!" बँकेतला कॅशियर म्हणाला आणि खोलीभर हसू पसरलं.

डॉक्टर हसले नाहीत. "थट्टा पुरे. हे बघा वहिनी, कडवा अंडी घालतो रुईवर, चांदवा घालतो घोळीच्या भाजीवर. कपडे दुसऱ्याचे घालता येतात, पण लेकरांच्या तोंडी दुसऱ्याचा घास घालून भागत नाही. घोळीवर अंडी घालताना तिला गाठा. फोटो कॅमेऱ्यातून थेट दाखवा. मग बोलू."

घरी नणंदेनं ताट वाढता वाढता चेहरा वाचला. "हसले ना?"

"हसले."

"हसेनात का! अर्ध्या गल्लीची लग्नं तुमच्या हातानं जमली आणि एक माशी जमेना?"

"फुलपाखरू आहे ते."

"उडतं, बसतं, हाती लागत नाही. माझ्या लेखी माशीच."

वहिनी हसल्या. लोकांच्या हसण्याचं त्यांना काही नव्हतं. सलत होतं ते वेगळंच. आपल्या डोळ्यांनी चांदवा पाहिला होता, की आपल्या हातानं कडव्याचा चांदवा केला होता? आयुष्यभर बघण्याचंच काम केलेल्या बाईला हे ठाऊक नसावं?

त्यांनी नेम धरला. सकाळी देवाचं आटोपलं की दुकान उघडायच्या आधी बस डेपोच्या मागच्या फाटकाशी जाऊन बसायचं. तिथं भिंतीच्या बुडाशी, फरशीच्या भेगांत घोळ माजली होती.

कडवे यायचे, ठिपके दाखवून जायचे. ड्रायव्हर हाळी द्यायचे, "वहिनी, आमचाही काढा की एक!"

"आधी दाढी करून या," वहिनी मान न वळवता म्हणायच्या.

एकदा तीच असावी अशी एक आलीही. वहिनी घाईनं उन्हाच्या बाजूला सरकल्या, त्यांचीच सावली तिच्यावर पडली आणि ती भुर्रकन भिंतीपलीकडे गेली. दिवसभर त्या स्वतःशीच धुसफुसत राहिल्या. पण दुसऱ्या सकाळी पुन्हा हजर. नेम तो नेम.

आणि एका सकाळी एक केशरी फुलपाखरू अगदी जमिनीलगत उडत आलं. फुलांकडे बघेना. पानापानाला पाय लावून जणू चाखत होतं. वहिनी या वेळी उठल्याच नाहीत. बसल्या जागी खाली झुकल्या, मग चक्क पालथ्या पडल्या. कोपरं फरशीला टेकवली. फुलपाखरू घोळीच्या पानाशी थांबलं, शेपटाकडचा भाग वाकवून पानाखाली नेला आणि पंख सपाट पसरले. वहिनींनी कॅमेरा पंखांच्या पातळीत आणला, श्वास धरला आणि बटण दाबलं. पुन्हा दाबलं. पुन्हा.

मग त्यांनी पडद्यावर फोटो मोठा केला. पंखाची एक कड पक्ष्यानं कुरतडलेली. अंगावर धूळ. कुठे खवले उडालेले. देवानं दिलेलं आणि दिवसांनी केलेलं सगळं जागच्या जागी होतं. आणि मागच्या पंखाच्या मधोमध एकही काळा ठिपका नव्हता.

वहिनी तिथंच उठून बसल्या. त्यांनी फोन लावला. "डॉक्टर, सभेपर्यंत थांबू नका. निघा."

डॉक्टर कॅशियरच्या स्कूटरवर मागे बसून आले. दुकानाला कुलूप घालून नणंदही धावत आली. डॉक्टरांनी कॅमेऱ्यातला फोटो पाहिला. गुडघ्यांवर हात देत ते खाली बसले, मग आडवे झाले. भिंग लावून पानाखालचं फिकट, मोहरीहून बारीक अंडं त्यांनी बराच वेळ न्याहाळलं.

"काय म्हणता?" वहिनींनी विचारलं.

"मी काय म्हणणार? तीच म्हणतेय." डॉक्टरांनी भिंग खाली ठेवलं. "चांदवा आहे, वहिनी. तुम्हाला दिसला. तेव्हाही हाच दिसला असणार."

कॅशियरनं कान पकडले आणि फरशीवर पालथा झाला. "अगंबाई, कुठेय? मला दाखवा ना!" म्हणत नणंदही आडवी पडली. तेवढ्यात फाटकातून भरलेली बस निघाली आणि वाटेत ओळीनं झोपलेली माणसं बघून करकचून थांबली. खिडक्याखिडक्यांतून माना बाहेर आल्या.

"काय झालं? कोणाला लागलं का?" ड्रायव्हर ओरडला.

कपड्यांवरची धूळ तशीच ठेवून वहिनी उभ्या राहिल्या. चारचौघांत कधी आवाज न चढवणारी ती बाई बसच्या शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशी ओरडली, "चांदवा आलाय! आपल्या गावात!"