सगळं जाईल

"झालं! यांचंही पुसलं," म्हणत मुर्तिनी कपाळाला हात लावून बाकावर बसली.

जावा बेटावरच्या क्लातेन गावातल्या एका शाळेत निवृत्त शिक्षक रांगेने बसले होते आणि त्यांच्यासमोर चाचणीसाठी आणलेले जुने संगणक होते. शिक्षणसंस्थेने आपल्या शाळांसाठी स्वतःची संगणकप्रणाली बनवली होती. ती चढवताना पडद्यावर जे जे विचारलं जातं, ते पहिल्यांदाच जावानीज भाषेत होतं, आणि ते सगळं विग्न्यो गुरुजींनी, म्हणजे तिथल्या आदराच्या बोलीत पाक विग्न्यो यांनी, लिहून दिलं होतं. त्यांच्याइतकी अदबशीर जावानीज बोलणारा दुसरा माणूस गावात उरला नाही, असं लोक म्हणत. पाक विग्न्यो ते नाकारत नसत, कारण नाकारणं त्यांना येतच नव्हतं.

प्रणाली चढवायच्या तीन तऱ्हा होत्या आणि त्यांना नावंही पाक विग्न्योंनीच दिली होती. कशालाही हात न लावता नुसतं बघून जायचं, तो 'पाहुणा'. जुनं तसंच ठेवून बाजूला नवं बसवायचं, तो 'शेजार'. आणि जुनं सगळं पुसून नव्याने थाटायचं, ती 'नूतन वास्तू'. आलेल्या प्रत्येकाने झाडून 'नूतन वास्तू' निवडली होती.

"अहो, पण संगणकाने दोनदा विचारलं ना, पुसू का म्हणून?" मुर्तिनीने भूगोलाच्या जुन्या बाईंना विचारलं. "तुम्ही होय का म्हणालात?"

"अगं, किती अदबीनं विचारत होतं बिचारं! 'आपली अनुज्ञा असल्यास' म्हणे. त्याला तोंडावर नाही म्हणायचं? बरं दिसतं का ते?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. पाक विग्न्योंनीही डोलावली. त्यांचाही संगणक कोरा झाला होता.

मुर्तिनी त्यांचीच विद्यार्थिनी, आता संस्थेत कारकून. ती त्यांना बाजूला घेऊन म्हणाली, "पाक गुरू, हे आता शाळाशाळांतून जाणार. लोकांची वर्षानुवर्षांची कामं पुसली जातील. त्या तिसऱ्याला असं नाव द्या, की वाचणाऱ्याचा हात मागे आला पाहिजे."

"देतो की," ते म्हणाले. सवयीने.

घरी ओसरीवर बसून त्यांनी खूप डोकं खाजवलं. 'नवारंभ' सुचलं, 'शुद्धी' सुचलं. पण शब्द काही केल्या कडू होईना. जन्मभर गोडच बोललेला माणूस, तो कडू आणणार कुठून? मागेल त्याला म्हटलेल्या 'होय'पायी त्यांची सायकल गेली होती, शिडी गेली होती. एकदा तर शेजाऱ्याच्या गोठ्यासाठी स्वतःच्या छपरावरची कौलं द्यायला ते निघाले होते, तेही ऐन पावसाळ्यात.

ती कौलं वाचली तुकिनामुळे. त्यांची बायको बाजारात तेंपे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या, विकणारी. अदबीची भाषा तिला कधी जमली नाही, आणि शिकायची हौसही नव्हती. कुणी काही मागायला आलं आणि नवऱ्याची मान हलायला लागली, की स्वयंपाकघरातून आवाज यायचा, "सगळं जाईल हां! मग रडत बसू नकोस!" पाहुणा चहा संपवून गुमान निघून जायचा. पाक विग्न्यो मात्र शरमेने मेल्याहून मेले व्हायचे. शिक्षकाची बायको, आणि तोंड हे असं!

ती गेल्यावर वर्षभरात रेडिओ गेला, भिंतीवरचं घड्याळ गेलं. उरला लॅपटॉप. त्यात तिचा आवाज होता. कोंबड्या हाकलताना भाच्याने गंमत म्हणून टिपून ठेवलेला. तेवढाच.

दुसऱ्या दिवशी ते मुर्तिनीकडे गेले. आजूबाजूला कुणी नाही हे बघून त्यांनी तुकिनाचं ते वाक्य हळूच उच्चारलं. असा शब्द त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच येत होता. कान लाल झाले.

मुर्तिनी आधी हसली, मग डोळे पुसायला लागली. शाळेत असताना तुकिनाच्या हातचं गरम तेंपे तिने कितीदा खाल्लं होतं.

"ही तर आपली बू गुरूच, आपली गुरुआईच! पण पाक गुरू, साहेब म्हणतील, यंत्र वडीलधाऱ्यांना अरे-तुरे करतंय."

"करू दे. तिने मला जन्मभर केलं," पाक विग्न्यो म्हणाले. "म्हणून तर डोक्यावर छप्पर राहिलं."

साहेबांनी कुरकुर केली, पण नाव राहिलं. सगळं तयार झाल्यावर मुर्तिनी ओसरीवर आली, ती पाक विग्न्योंच्याच लॅपटॉपवर प्रणाली चढवायला.

"मीच करतो," त्यांनी हट्ट धरला. मुर्तिनीपुढे चहा ठेवून ते चष्मा सारखा करत बसले. 'पाहुणा' आला, 'शेजार' आला. त्यांना 'शेजार'च हवा होता, पण म्हातारं बोट एक ओळ खाली, तिसऱ्यावर घसरलं आणि दाबलं गेलं.

पडदा काळा झाला. वर अक्षरं उमटली. सगळं जाईल. मग रडत बसू नकोस.

खाली 'होय' आणि 'नको'. बोट आपसूक 'होय'कडे निघालं होतं. ते चटका बसल्यासारखं मागे आलं.

"नको," पाक विग्न्यो म्हणाले. मग मोठ्याने, "नको! नको म्हटलं ना!"

शेजारचा माणूस कुंपणावरून डोकावला. त्याने त्यांना असं बोलताना कधी ऐकलंच नव्हतं.

मुर्तिनीने एक पडदा मागे जाऊन 'शेजार' लावून दिला. काम झाल्यावर त्यांनी आधी तो आवाज उघडला. तुकिना तावातावाने कोंबड्यांच्या सात पिढ्या उद्धरत होती. ओसरीवर दोघंही ऐकत बसली. मुर्तिनीचा चहा गार होऊन गेला होता. यजमानाने 'घे' म्हटल्याशिवाय ती कशी उचलणार, आणि ते म्हणायलाच विसरले होते.

आवाज थांबला. लोकांचे आभार मानायची त्यांच्याकडे किती सुंदर वाक्यं होती! हिचे मात्र कधी मानलेच नव्हते. ते स्वयंपाकघराच्या रिकाम्या दाराकडे वळले. अदबीचं एकही वाक्य ओठांवर आलं नाही. आलं ते तिच्या भाषेतलं, बाजारातलं.

"बरं झालं गं, ओरडलीस."