अर्ध्या चेहऱ्याचा राग

चष्म्याच्या काचा घासायच्या त्या खोलीत सहा यंत्रं होती, सहा कामगार, सात मास्क, आणि पूर्ण दिसणारा चेहरा एकही नव्हता. सातवा मास्क मुकादमाचा. त्याच्या माघारी सगळे त्याला ‘तोफ’ म्हणत.

आज ही तोफ नव्या मुलीवर रोखलेली होती. तिच्या चाळीस काचांपैकी अकरा काचा ओरखडे पडून बाद झाल्या होत्या.

“चुका करायच्या आणि वर माझ्यावरच डोळे वटारायचे? आठ्या बघा हिच्या! उद्यापासून येऊ नकोस.”

मुलीच्या घरात कमावणारी ती एकटीच होती.

मुकादमाची थोरली बहीण चष्मा दुरुस्त करून घ्यायला आली होती. कॉलेजात ती मेंदूविज्ञान शिकवायची.

“थांब रे. ती रागावलीय हे तुला कुणी सांगितलं?”

“ताई, ढळढळीत दिसतंय की!”

“दिसतंय अर्धंच. बाकीचं तुझ्या मेंदूनं भरलं. मेंदूत बदामाएवढा एक भाग असतो, धोक्याची चाहूल घेण्यात फार उतावळा. आपण नीट विचार करेपर्यंत त्याची ओरड सुरू झालेली असते. आठ्या बारकाईनं बघतानाही पडतात, डोळे भीतीनंही मोठे होतात.”

“म्हणजे माझंच चुकलं?”

“ते तिला विचार. यंत्र बंद कर, मास्क काढ. आणि तुला काय वाटतंय तेही सांग. भावनेला नाव दिलं की ती ओरड ओसरू लागते.”

कुरकुरत त्यानं मास्क खाली ओढला. “मला... काळजी वाटतेय. माल परत आला तर वरचे मलाच धरतील. तुला गं?”

मुलीनंही मास्क काढला. तिचे ओठ थरथरत होते.

“भीती वाटते, साहेब. तुम्ही मागे उभे राहिलात की हात कापतो, काच तिरकी लागते.”

राग नव्हताच! इतके दिवस ही तोफ भीतीवरच डागली जात होती!

“उद्या ये,” तो हळूच म्हणाला, आणि ओशाळून हसला.

“साहेबांना दात आहेत तर!” कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं. खोली खळखळून हसली.

तेव्हापासून यंत्रं सुरू होण्याआधी सगळे मास्क खाली घेतात आणि मनात काय आहे ते एकेका शब्दात सांगतात. मुकादमसुद्धा!

वाचकहो, मेंदू घाईनं अंदाज बांधणारच. निकाल देण्याआधी समोरच्याला विचारणं मात्र आपल्या हातात आहे.

पुढच्या शनिवारी मुलीच्या चाळीस काचा तपासल्या. बाद झाली एक.