सात नंबरची ताटली

मी एक जुनी ताटली आहे. जाड, लंबगोल, दुधी रंगाची, काठाला हिरवी रेघ असलेली. काठाचा एक टवका उडाला आहे, पण त्याचं तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. टेक्सासमधल्या सॅन अँटोनियो शहरात, ‘कासा पेत्रा’ नावाच्या हॉटेलात माझं सारं आयुष्य गेलं.

मित्रांनो, मला पहिल्यापासून नसत्या चौकशा फार. ओहायोतल्या कारखान्यात मी नुसती ओली माती होते, तेव्हाही साच्यात पडल्या पडल्या मला प्रश्न पडला होता, की आपण आता कप होणार की बशी? भट्टीतून भाजून निघाल्यावर उत्तर मिळालं. मग गवतात गुंडाळून, खोक्यात बसून मी दक्षिणेला आले. खोकं उघडलं ते हॉटेलचे मालक डॉन सेवेरो यांनी. ‘डॉन’ हे आमच्याकडे आदराने लावतात, ‘राव’सारखं. त्यांनी मला टिचकी मारली, कानाशी नेऊन आवाज ऐकला आणि म्हणाले, “ही टिकेल.” ते माझं पहिलं कौतुक. पेत्रा ही त्यांची आई. हॉटेल तिनेच सुरू केलं होतं.

माझं काम सोपं नव्हतं. माझ्यावर एन्चिलादा, म्हणजे मक्याच्या पोळीच्या गुंडाळ्या, मांडायच्या. त्यांवर लाल मिरची आणि जिऱ्याचा दाट रस्सा ओतायचा, वर मूठभर पिवळं चीज पसरायचं आणि मला थेट जाळाखाली सरकवायचं. चीज खदखदायला लागलं की फडक्याने धरून बाहेर. बाजूला भात आणि घोटलेला राजमा. चेलो नावाची वाढपीण मला टेबलावर ठेवायची आणि सांगायची, “ताटली गरम आहे हं, हात लावू नका.” की समोरच्याने लगेच बोट लावलंच म्हणून समजा. लहान लावायचे, थोर लावायचे, एकदा तर चर्चमधल्या पाद्रीबाबांनीही लावलं. चौकशा फक्त मलाच असतात असं नाही, हे पाहून मला बरं वाटायचं.

कासा पेत्रात पदार्थांची नावं कुणी घेत नाही, नंबर सांगतात. गुरांचा व्यापारी ओडेल दर शुक्रवारी येतो, टोपी काढून बाकावर ठेवतो आणि ‘आठ’ एवढंच म्हणतो. एखादं नवरा-बायकोचं जोडपं भांडत आलं तरी त्यांचे नेहमीचे दोन आणि पाच नंबर बरोबर टेबलावर येतात. गंमत अशी, की मेनूकार्डावर सहानंतर एकदम आठ येतो. सात नाहीच. नवीन गिऱ्हाईक हमखास विचारतं, “सात नंबर कुठे गेला?” चेलोकडे रोज नवं उत्तर तयार असतं. “तो लग्न करून ह्यूस्टनला गेला.” “आठाने त्याला खाल्लं, बघा ना किती फुगलाय.” नाहीतर, “तुम्ही उशीर केलात, आत्ताच संपला.”

मला मात्र खरं ठाऊक आहे, कारण शेवटचा सात नंबर माझ्यावरच वाढला होता.

डॉन सेवेरोंना दोन मुलं. थोरली डेल्फिना, गल्ल्यावर बसणारी, आणि धाकटा निकानोर. त्याला सगळे निको म्हणत. निको सीमेपलीकडे, मेक्सिकोत पुएब्लाला, वर्षभर स्वयंपाक शिकून आला आणि त्याच्या डोक्यात नवं वारं शिरलं. हिरव्या आंबट टोमॅटोचा रस्सा, वर पांढरं चीज, अशा एन्चिलादा त्याने बनवल्या. डेल्फिनाने बापाचं मन वळवून त्यांना सात नंबर मिळवून दिला. उन्हाळाभर लोक त्या आवडीने खात होते. डॉन सेवेरोंनी मात्र त्या एकदाही चाखल्या नाहीत.

एका रविवारी, हॉटेल भरलेलं असताना, निकोने मला बापासमोर ठेवलं. “अपा, एक घास तरी खाऊन बघा,” तो म्हणाला. टेक्सासकडची मेक्सिकन मुलं वडिलांना अपा म्हणतात. इथवर सगळं ठीक होतं. पण पोराला पुढे बोलल्याशिवाय राहवलं नाही. “हे खरं मेक्सिकन आहे. आपण बनवतो ते नाही. तिकडे पिवळं चीज कुणी तोंडात धरत नाही.”

डॉन सेवेरो शांतपणे म्हणाले, “मी तिकडचा नाही, पोरा. आणि इकडच्यांनीही मला कधी सरळ आपलं म्हटलं नाही. माझ्या आईने ज्या पिवळ्या चीजवर हे घर उभं केलं, तेच माझं गाव. ते खोटं असेल तर मीही खोटाच.” त्यांनी मला दोन बोटांनी दूर सारलं. “उचल ही.”

मित्रांनो, मी भरलेलीच परत गेले. माझ्यावरच्या एका गुंडाळीलाही कुणी काटा लावला नव्हता. निकोने अंगावरचा एप्रन काढून खुंटीला अडकवला आणि तो शिकागोला निघून गेला. दुसऱ्या दिवशी डॉन सेवेरोंनी सगळ्या कार्डांवर सात नंबरवर काळी रेघ ओढली. पुढच्या कार्डांवर तर तो छापलाच नाही.

वर्षं गेली. हलक्या, पातळ, नव्या ताटल्या आल्या. धुताना माझा टवका उडाला तेव्हा मला टाकूनच देणार होते, पण चेलोने मला खिडकीच्या कठड्यावर लिंबं ठेवायला घेतलं. स्वयंपाकघरातून भरल्या ताटल्या जिथून बाहेर जातात, ती ही खिडकी. जाळाशी, माणसांच्या बोटांशी माझा संबंध संपला. रोज समोरून वाफाळणारे दोन नंबर, पाच नंबर जायचे आणि मी लिंबं सांभाळत बसायचे. फार एकटं वाटायचं. पण खिडकीतून सगळी खोली दिसायची, एवढं सुख होतं.

समोरच्याच टेबलाशी म्हातारे डॉन सेवेरो रोज दुपारी बसतात आणि काटे-सुऱ्या कागदी रुमालात गुंडाळतात. त्यांच्याकडे बघताना मला एकच कोडं पडायचं. रेघ ओढली ते समजलं. पण त्या जागी त्यांनी दुसरा पदार्थ का नाही घातला?

मागच्या वसंतात डेल्फिनाने नवी कार्डं छापायला काढली. ती म्हणाली, “अपा, आठला सात करते. आकडे सरळ होतील.”

“आणि ओडेलला काय सांगशील? तू आता आठ नाहीस, सात झालास?”

“बरं, मग सातवर दुसरं काहीतरी घालू. कोळंबी घालू.”

डॉन सेवेरो सुरीवरचा रुमाल नीट करत राहिले. “सात असू दे,” ते म्हणाले.

“तिथे काहीच नाहीये, अपा.”

“नसू दे. जागा असू दे.”

डेल्फिनाने कार्डं आवरली. मग आत येऊन, अगदी माझ्याजवळ उभं राहून तिने फोन लावला. “निको, आता तरी ये रे. तुझी जागा त्यांनी कुणाला दिलेली नाही. कोळंबीलासुद्धा नाही.”

शुक्रवारी दुपारी तो आला. डोक्यावर पांढरे केस, हातात टोपी. बापाच्या टेबलाकडे गेलाच नाही. दाराशी एखाद्या गिऱ्हाइकासारखा उभा राहिला, चेलो नेईल तिथे बसला. डॉन सेवेरोंनी मान वर केली नाही, पण त्यांच्या हातातला काटा एकाच रुमालात तीनदा गुंडाळला गेला. आपल्याला बसू देतील की उठवतील, हे निकोला कळत नव्हतं, आणि मलाही नाही.

“काय घेणार?” चेलोने विचारलं.

“दोन नंबर.”

“त्यात पिवळं चीज असतं, साहेब. काही लोकांना चालत नाही.”

“चालतं आता,” निको म्हणाला. “शिकागोच्या थंडीत कशाची आठवण येत असेल, चेलो, तर त्याचीच.”

हे तो जरा मोठ्यानेच बोलला. दोन नंबर आला. तो खाली मान घालून खात होता आणि मधूनमधून मनगटाने डोळे पुसत होता. डॉन सेवेरो उठले. टेबलांना धरत धरत आले, त्याच्या समोरच्या बाकावर बसले आणि लेकीकडे वळून म्हणाले, “मला सात नंबर.”

ओडेलचा घास हातातच राहिला.

“अपा, पांढरं चीज कुठंय आपल्याकडे?” डेल्फिना उगाच म्हणाली.

“फ्रीजमध्ये टोमॅटोच्या मागे लपवलंयस, ते काय आहे मग?” चेलो म्हणाली.

निको उठून आत आला. त्याने भराभर मिरच्या भाजल्या, रस्सा केला. मग नव्या ताटल्यांची चळत चाचपली आणि म्हणाला, “जाळाखाली या तडकतील. जुनी एखादी नाही का?” माझ्यावरची लिंबं त्याने ओतून दिली. मित्रांनो, इतक्या वर्षांनी जाळाखाली जाताना मला भीती वाटली, हे कबूल करते. पण मी तडकले नाही.

डॉन सेवेरोंनी पहिला घास घेतला. बराच वेळ चावत बसले. निको उभाच होता.

“जिरं कमी आहे,” ते म्हणाले.

“यात जिरं नसतंच, अपा.”

“म्हणूनच कमी आहे.”

असं म्हणून त्यांनी दुसरा घास घेतला, मग तिसरा. शेवटी पोळीच्या तुकड्याने माझ्यावरचा रस्सासुद्धा पुसून खाल्ला. मग तोंड पुसलं आणि, जणू निको कालपर्यंत इथेच होता, अशा आवाजात विचारलं, “उद्या शनिवार. गर्दी असते. हे पांढरं चीज किती आणून ठेवायचं?”

डेल्फिनाने निकोच्या हातात एप्रन दिला.

मित्रांनो, माझ्यासारख्या टवका उडालेल्या ताटलीला लगेच टाकून देऊ नका, एवढं तर मी सांगणारच. पण त्याहून मोठं मागणं आहे. कुणी आपल्या हाताने करून तुमच्यापुढे ताटली ठेवली, तर ती दूर सारण्याआधी एक घास खाऊन बघा. मग हवं तर खुशाल म्हणा, जिरं कमी आहे. मी आयुष्यभर जड जड जेवणं वाहिली, पण ज्या रविवारी भरलेलीच परत गेले, त्या दिवसाइतकी जड मी कधीच झाले नाही.