चिट्टे आणि चट्टे

स्मिताचं मराठी पुण्याचं, म्हणजे तिच्या मते मराठीतलं शेवटचं कोर्ट. हेब्बाळच्या सोसायटीत तिच्या शेजारी क्षमाअक्का राहायच्या. त्यांचं घराणं साडेतीनशे वर्षं बेंगळुरूत, त्यामुळे बोलण्यात कन्नड मुरलेलं. ते दुरुस्त केल्याशिवाय स्मिताला चैन पडत नसे.

अक्कांचे यजमान नरसिंहराव एकेकाळी रानं तुडवायचे, आता चाकांच्या खुर्चीत होते. त्यांना घेऊन होसकोट्याला भावाकडे निघताना अक्कांनी बाल्कनीतली लिंबाची कुंडी स्मिताच्या हवाली केली.

"पानांवर चिट्टे आहेत, स्वल्प सांभाळ हं."

"चट्टे, अक्का. चिट्टे नव्हे," स्मिता हसून म्हणाली.

"सरी. चट्टे." पुण्याच्या माणसाशी शब्दावरून कोण भांडणार?

पानांवर खरंच पांढरे-तपकिरी चट्टे होते, पाखरांनी घाण केल्यासारखे. स्मिताने जवळून पाहिलंही नाही. डागाळलेली पानं तिने खुडून कचऱ्यात टाकली आणि उरलेल्या झाडावर कडुनिंबाचं तेल फवारलं.

अक्का परतल्यावर ती मिरवत कुंडी घेऊन गेली. "एक चट्टा ठेवला नाही बघा."

अक्का बोडक्या फांद्यांकडे बघत राहिल्या.

"चिट्टे म्हणजे कन्नडमध्ये फुलपाखरू गं," त्या हळूच म्हणाल्या. "अळ्या होत्या त्या. आधी अशा घाणीसारख्या दिसतात, म्हणून पाखरं खात नाहीत. मग हिरव्या होतात, कोश करतात. उन्हाळ्यात कुणी फिरकत नाही. पावसाळा सरताना तळ्याकडच्या झाडीतून मादी येते आणि ह्याच लिंबावर अंडी घालते. ह्यांना आता रानात जाता येत नाही ना, वर्षभर तिचीच वाट बघतात."

त्यांनी मोबाइलवर मागच्या वर्षीचा फोटो दाखवला. काळ्या पंखांवर निळे पट्टे. नीलवंत! सह्याद्रीपासून इथल्या झाडीपर्यंत नांदणारं फुलपाखरू. महाराष्ट्राचं राज्यफुलपाखरू म्हणून त्याचंच चित्र स्मिताने दारावर लावलं होतं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला 'आमचं' म्हणून दाखवलं होतं.

आत नरसिंहरावांनी खुर्ची बाल्कनीकडे वळवली होती. स्मिताला धरणी दुभंगेल तर बरं असं झालं.

"अक्का, माझं फार चुकलं."

"तुझं काय चुकलं?" अक्का एकेक शब्द जपून, पुण्यासारखा उच्चारत म्हणाल्या. "मीच फुलपाखरू म्हणायला हवं होतं. आमचं मराठी शुद्ध नाही ना."

टोमणा असता तर स्मिताने गिळला असता. पण अक्का मनापासून बोलत होत्या.