सेंट्रल हीटिंगमधला बोळा

समुद्रपुरात मे महिन्यात पारा सत्तेचाळीसवर जातो. अशा गावात घराला सेंट्रल हीटिंग बसवणारा पहिला माणूस म्हणजे आमचे मोठे बाबा. दुसरा अजून जन्मायचा होता.

मोठे बाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, वासुदेवराव. एसटीच्या वर्कशॉपमधून मेकॅनिक म्हणून रिटायर झालेले. मागच्या जानेवारीत ते आणि मोठी आई जर्मनीला त्यांच्या लेकीकडे, वर्षालीताईकडे महिनाभर राहून आले. तिकडून लोक चॉकलेट आणतात. मोठ्या बाबांनी भिंतीला लावलेल्या लोखंडी जाळ्यांचे सदतीस फोटो आणले. त्या जाळ्यांमधून गरम पाणी फिरतं आणि घर ऊबदार राहतं, हे त्यांनी मला विमानतळावरून येताना, बॅगा उतरवण्याआधीच सांगितलं.

"अंकुश, चाळीस वर्षं म्या रेडिएटर गाडी थंड कराले वापरला," ते म्हणाले. "आपण उलटे लागलो होतो बे."

खरं कारण वेगळं होतं. जर्मनीत महिनाभर मोठ्या आईचे गुडघे दुखले नव्हते. इथे थंडी पडली की ती जमिनीवरून उठताना गुडघ्यावर हात दाबायची आणि एक लहानसा आवाज काढायची. तो आवाज आला की मोठे बाबा पेपरमधून वर बघायचे नाहीत, पण पान उलटायचंही विसरायचे. मोठी आई मात्र हीटिंगला श्रेय द्यायला तयार नव्हती. "तिकडं पायऱ्या कमी होत्या," एवढंच म्हणायची.

मी आयटीआय झालेला फिटर. हे माझं पहिलं काम. त्याआधी मी फक्त परीक्षेत पाइप जोडला होता, आणि त्यातून पाणी गेलं की नाही हे कोणी पाहिलं नव्हतं. दिवाळीनंतर आम्ही कामाला लागलो. अंगणात तांब्याचा बंब, खाली कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांचा जाळ, पाणी ढकलायला उन्हाळ्यापर्यंत रिकामा बसलेला कूलरचा पंप, घरभर लोखंडी पाइप, आणि नत्थू भंगारवाल्याकडून आणलेले ट्रॅक्टरचे चार रेडिएटर. त्यांना गुलाबी रंग दिला, म्हणजे ते ट्रॅक्टरचे वाटू नयेत. ते गुलाबी ट्रॅक्टरचे वाटायला लागले.

गावानं नावातलं 'सेंट्रल' तेवढं पकडलं. शेजारच्या सुलोचनाबाई दारात उभ्या राहून म्हणाल्या, "हे स्टेटचं नाई, सेंट्रलचं हाये म्हनते. फारम कोठी भेटते?"

"काकू, अशी काही स्कीम नाई."

"पैले सारे असंच म्हनते," त्या म्हणाल्या आणि समाधानानं निघून गेल्या.

डिसेंबर संपला. बैठकीतला पहिला रेडिएटर गरम व्हायचा, पुढचे तीन थंडगार. मधल्या खोलीतल्या दुसऱ्या नंबरवर मांजर दोन दिवस आशेनं झोपलं, मग उठून चुलीपाशी गेलं. पाइप कुठेतरी चोंदला होता. आम्ही हातोडीनं ठोकून पाहिलं. सायकलच्या पंपानं हवा मारली. मोठे बाबा फवारणीचा पंप पाठीला बांधून बैठकीत अर्धा तास उभे राहिले आणि त्यांनी भिंतीवर बोंडअळी असती तर ती नक्की मारली असती.

संक्रांतीनंतरच्या रविवारी मोठ्या आईनं निकाल दिला. "आज पाचले माह्यं हळदीकुंकू हाये. चार वाजता नत्थू ठेला घेऊन येते. तवरिक गरम झालं तं ठीक, नाई तं सारं उचलून नेईन तो. बाया बसतीन कोठी, तुमच्या ट्रॅक्टरच्या मांडीवर?"

"शकू, एक दिवस दे," मोठे बाबा म्हणाले.

"म्या महिना देला."

मोठे बाबा पेपर उघडून बसले. पेपर उलटा होता. त्यावरून मला परिस्थिती कळली, आणि मी जामला गेलो.

जामच्या चौकात ट्रकच्या चाकांत हवा भरणारा प्रफुल आहे. त्याचा कॉम्प्रेसर आम्ही तीनचाकीत घालून आणला. तो घरात शिरला आणि धंद्याच्या सवयीनं खाली वाकला.

"कोन्तं चाक?"

"चाक नाई, घर," मी म्हणालो.

त्यानं चारी भिंतींकडे पाहिलं. "ट्यूबलेस हाये का?"

"चोंदलेला पाइप फुंकाचा हाये."

"मंग घराची हवा किती ठेवू, ते सांग. मांगून बोंबलू नको."

पण पाइप नेमका कुठे चोंदला होता? सांधा कुठला खोलायचा? मोठ्या बाबांनी नकाशा काढला. मी त्यांचा नकाशा खोडून माझा काढला. तेवढ्यात मोठी आई तिळाच्या लाडवांचं ताट ठेवून आली, तव्याचा अंदाज घेते तसा उलटा हात पाइपाला लावत भिंतीकडेनं चालायला लागली. बैठक ओलांडली. मधल्या खोलीच्या दारात थांबली.

"इथवर गरम. इथून थंड," ती म्हणाली. "तीन हप्ते झाले, कागदं खराब करून राह्यले."

मग तिनं त्या जागेकडे पुन्हा एकदा पाहिलं, आणि का कुणास ठाऊक, लगबगीनं लाडवांकडे गेली.

चारला पाच मिनिटं कमी होती. पंप बंद केला, पाणी उतरवलं. दारापलीकडचा सांधा मी खोलला, रेडिएटर बाजूला सारला. रेडिएटरसाठी उलटं वळवलेलं पाइपाचं मोकळं तोंड आता मधल्या दारातून, बैठकीतून, थेट अंगणात बघत होतं. बैठकीतला सांधा खोलून अलीकडच्या तोंडाला प्रफुलनं नळी बसवली. नेमका तेव्हाच नत्थू ठेला घेऊन फाटकातून आत आला. ठेल्यावर त्याचा वजनकाटा होता. त्याच्यामागून शेजारचे प्रभाकरराव आले. सुलोचनाबाईंचे यजमान, तीस वर्षं कापसाचे व्यापारी. ते कुठल्याही वस्तूची विल्हेवाट लागत असली की बघायला येतात.

"सोड," मोठे बाबा म्हणाले.

कॉम्प्रेसर गुरगुरला. पाइप थरथरला. देव्हाऱ्यातली घंटा आपोआप एकदा वाजली. मग बाटलीचं बूच उडावं तसा आवाज झाला, एक पांढरट गोळा बैठकीतून सरळ गेला, प्रभाकररावांच्या टोपीवरून निघाला आणि नत्थूच्या काट्यावर जाऊन पडला.

नत्थूनं काटा बघितला. "सव्वाशे ग्राम," तो म्हणाला.

प्रभाकररावांनी गोळा उचलला, पिळला, दोन्ही अंगठ्यांत धरून धागा ओढला. बाजारात गाडीवरचा कापूस बघतात तसा. आम्ही सगळे वाट पाहत राहिलो.

"ओलावा जास्त हाये," ते म्हणाले.

"आन धागा?" मोठ्या बाबांनी विचारलं.

"धागा लांब हाये. घरचाच हाये तुमचा, वासुदेवराव. दिवाळीत मधल्या खोलीत ठेवलता तो."

सगळ्यांनी मोठ्या आईकडे पाहिलं. आमच्याकडे कापूस सगळ्याला चालतो. कानाला, डिझेलच्या डब्याच्या तोंडाला, खिडकीच्या फटीला, शेवटी माणसाच्या नाकालाही. पाइप बसवायचे होते तेव्हा ते दोन दिवस त्याच खोलीत उघड्या तोंडानं पडले होते.

"उंदीर शिरला असता त्याच्यात," ती शांतपणे म्हणाली. "मंग म्हनले असते, शकूचं ध्यान नाई." आणि प्रभाकररावांच्या हातातून बोळा घेऊन तिनं तो वाळायला तारेवर घातला.

मी सांधे आवळले, पाणी भरलं, पंप चालू केला. मोठे बाबा दुसऱ्या रेडिएटरवर हात ठेवून उभे राहिले. पहिल्यांदा काहीच नाही. मग त्यांनी हात झटकन काढला, फुंकर मारली, आणि पुन्हा ठेवला. तिसरा तापला. स्वयंपाकघरातला चौथा तापला. मांजर चुलीपासून उठून परत आलं. प्रफुलनं कॉम्प्रेसर बंद केला आणि भिंतीवर थाप मारली. "पंक्चर नाई घरात," तो म्हणाला.

हळदीकुंकवाला दहा मिनिटं लागतात. कुंकू, तिळगूळ, वाण, की बाई पुढच्या घरी. त्या दिवशी पाचला आलेल्या बाया रेडिएटरला पाठ लावून बसल्या आणि उठल्याच नाहीत. सहाला आलेल्यांना जागा मिळेना, तेव्हा आळीपाळीनं टेकायचं ठरलं. साडेसातला नवरे आपापल्या बायकांना शोधत आले आणि तेही बसले. नत्थू रिकामा ठेला अंगणात सोडून चौथ्या रेडिएटरपाशी मांडी घालून बसला होता. "म्या देलता हा," तो येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होता.

सुलोचनाबाई तेवढ्या मध्येच उठून घरी जाऊन आल्या. हातात आधार कार्डाची झेरॉक्स, दोन फोटो आणि वीजबिल. मागे आणखी सहाजणी, तशाच तयारीनं. मी तोंड उघडलं, पण मोठ्या बाबांनी सगळे कागद घेतले, मोजले आणि गंभीरपणे फाइलीत लावले.

"सेंट्रलले टाइम लागते," ते म्हणाले. "नंबर आला की पोऱ्याले पाठवतो."

आठला घर रिकामं झालं. मोठी आई तीन तास जमिनीवर बसून होती. ती उरलेले लाडू डब्यात भरायला उठली. गुडघ्यावर हात दाबला नाही. आवाजही आला नाही. मोठे बाबा पेपर वाचत होते, या वेळी सरळ. त्यांनी पान उलटलं.

ती स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेली, थांबली, आणि त्यांच्याकडे न बघता म्हणाली, "पायऱ्या कमी हायेत आपल्या घरात."

आमच्या घराला एकही पायरी नाही, कधीच नव्हती.

"हो," मोठे बाबा म्हणाले. "कमी करून घेतल्या म्या."