सुट्टीच्या दिवशी देईन

मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या बसस्टँडसमोर चहा-नाश्त्याचं एक हॉटेल आहे. तिथं चौतीस वर्षं वेटरकी केलेल्या सुखराम मेश्रामला टीप या विषयात कोणी शहाणपण शिकवायला जाऊ नये. माणूस पायरी चढतानाच तो ओळखायचा, की हा बडीशेपेच्या प्लेटीत काय ठेवून जाणार. उकव्याच्या खाणीतला कामगार पगाराच्या दिवशी वीसची नोट ठेवतो आणि महिनाअखेरीला नजर चुकवून उतरतो, त्यात त्याचा काही दोष नाही. नवरदेवासोबत नवीन नवरी असली की तो पन्नास ठेवतो आणि ती बघते आहे ना, हे आधी बघून घेतो. साहेबलोकांचं तर बोलूच नका. चौघं मिळून दोनशेचं खातील आणि वरचे दोन रुपये सुटे मागून घेतील.

सुखरामचा स्वतःचा एक नियम होता. गिऱ्हाईक पायरी उतरून रस्त्याला लागेपर्यंत प्लेटीकडे बघायचं नाही. आणि बसल्या बसल्या कोणी आधीच नोट पुढं केली, जरा गरम आण म्हणाला, तर ती नोट त्याच्याच खिशात परत जायची. पोहे मात्र गरमच यायचे. ‘आधी देल्ली ते लाच, मागून देल्ली तो मान,’ असं तो म्हणायचा. हे वाक्य त्यानं इतक्यांदा ऐकवलं होतं, की हॉटेलातले बाकीचे वेटर त्याच्या आधीच ते पूर्ण करायचे.

नियम शेठचाही एक होता. वेटरनं बसायचं नाही. वेटर बसलेला दिसला की हॉटेल बंद झालं असं गिऱ्हाइकाला वाटतं, असं शेठचं म्हणणं. पहाटे चारला बैहर-लांजीच्या पहिल्या गाड्यांसाठी उभा राहिलेला सुखराम दुपारी दीडला सुटायचा. पोटऱ्यांवर निळ्या शिरांच्या गाठी आल्या होत्या. पण अंगी मुरलेली सवय ती. घरीही तो चहा उभ्यानंच प्यायचा, शेजाऱ्याशी उभ्यानंच बोलायचा. अनुसया, त्याची बायको, त्याला चिडवायची. लग्नातसुद्धा तुम्ही बळजबरीनं बसलात म्हणायची.

ह्या अनुसयाच्या पोटात पाणी व्हायला लागलं आणि दिवाळीनंतर तिला दवाखान्यात ठेवावं लागलं. बायकांचा वॉर्ड वरच्या मजल्यावर होता. पुरुषांना भेटायची वेळ चार ते सहा. त्याआधी दारातला गार्ड चिटपाखरूही आत सोडत नव्हता. आतली सगळी मदार तुळसाबाईवर होती. चादरी बदलणं, भांडं देणं, कुशीवर वळवणं, सगळं तीच करायची. ठेकेदाराकडची बाई, पन्नाशीची, बोलायला फटकळ, हाताला मऊ.

पहिल्याच दिवशी सुखरामनं बघितलं, की शेजारच्या खाटेवरच्या बाईचा नवरा, परसवाड्याचा दुकानदार, तुळसाबाईच्या हातात काहीतरी सरकवतोय. त्याचं हे रोजचंच होतं म्हणे. सुखरामच्या कपाळाला आठी पडली. त्यानं तुळसाबाईला बाजूला बोलावून सरळ सांगून टाकलं, की बाई, मी वेटर माणूस आहे, ह्या धंद्यातला आहे. मी आधी काही देणार नाही. सुट्टीच्या दिवशी, म्हणजे आमचं माणूस घरी न्यायच्या दिवशी, एकरकमी पाचशे देईन आणि वरून हात जोडीन. तुळसाबाईनं त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, ‘बरं.’

आणि काय नवल, दुसऱ्याच दिवशी तो दुपारी दोनला दाराशी येऊन चारची वाट बघत उभा राहिला, तर तुळसाबाईनं स्वतः येऊन त्याला आत घेतलं. गार्डानं तोंड दुसरीकडे केलं. तिनं औषधांच्या टेबलाखालचं लोखंडी स्टूल पायानं ओढलं, अनुसयाच्या खाटेजवळ आणून ठेवलं आणि म्हणाली, बसा. परसवाड्याचा दुकानदार रोज पैसे मोजूनही चार वाजेपर्यंत जिन्यावर उभा, आणि सुखराम दमडी न देता आत! त्या दिवशी त्याला जो आनंद झाला, तो पगारवाढीच्या दिवशी झाला नसेल.

‘पाह्यलं?’ तो अनुसयाला म्हणाला. ‘धंद्यातलं माणूस धंद्यातल्याले ओळखते. शब्दाले किंमत असते.’

‘हौ,’ अनुसया म्हणाली आणि भिंतीकडे वळली. हसली असावी असं त्याला वाटलं.

मग हे रोजचंच झालं. दोन वाजता स्टूल, चार वाजता घंटा. त्या दोन तासांत नवरा-बायको काय बोलत असतील, असं तुम्हाला वाटेल. काही नाही. पहाटे तीनला उठलेला माणूस तो. पाच-दहा मिनिटं कोण काय खाऊन गेलं, कोणी काय ठेवलं ते सांगायचा. लांजीच्या त्यांच्या गावाकडचं कोणी बसमधून उतरलं असेल तर त्याची खबर द्यायचा. मग खाटेच्या दांडीवर डोकं टेकायचं आणि डोळा लागायचा. चारची घंटा वाजली, माणसं धडधडत आत आली, की दचकून उठायचा आणि म्हणायचा, ‘काहून उठवलं नाही वो मले?’ अनुसया म्हणायची, ‘मलेच झोप लागलती.’

पहिल्या दिवसापासून संध्याकाळी निघताना तो तिच्या उशीखाली तीस रुपये ठेवायचा. खिडकीखाली मोसंबीच्या रसाची गाडी लागायची. ठेवायचं कारण असं, की डॉक्टरनं त्याला पहिल्याच दिवशी व्हरांड्यात बोलावून सांगितलं होतं, लिव्हर गेलंय, फार दिवस नाहीत, जे खावंसं वाटेल ते देत जा. त्यातलं शेवटचं तेवढं सुखरामनं ऐकलं. बाकीचं ह्या कानानं घेतलं आणि त्या कानानं सोडलं. दुसऱ्या दिवशी आला की विचारायचा, रस पेली? ती म्हणायची, पेली. गोड होता? होता.

दोन-तीनदा अनुसयानं विषय काढला. तुळसाबाई फार करते माझं, तिला काहीतरी द्या. तो म्हणाला, देणार आहे ना, सुट्टीच्या दिवशी. पाचशेची नोट त्यानं वेगळी काढून चष्म्याच्या घरात घडी करून ठेवली होती. ती दाखवलीसुद्धा. एके दिवशी मात्र तिनं हट्टच धरला.

‘आजच द्या न,’ ती म्हणाली. ‘मायासमोर द्या. मले पाहू द्या.’

‘आज काहून? सुट्टी व्हऊन राह्यली का आज?’ तो एकदम चिडला. आवाज इतका चढला, की शेजारच्या खाटेवरची बाई बघायला लागली. ‘तू बरी हो. चालत घरी चाल. जिना उतरतानी देतो तिच्या हातात.’

चिडण्यासारखं त्यात काय होतं? पण होतं. नोट आज दिली म्हणजे सुट्टीचा दिवस येणार नाही, हे त्यानं आपल्या तोंडानं कबूल केल्यासारखं झालं असतं. चष्म्याच्या घरात ती नोट होती तोवर अनुसया घरी येणार होती. हे त्याला कळत होतं आणि तिलाही कळलं. तिनं पुन्हा विषय काढला नाही. त्याच्या मनगटावर हात ठेवून नुसती पडून राहिली.

एकोणिसाव्या दिवशी सकाळी साडेआठला, सुखराम चार प्लेट पोहे हातावर तोलत असताना खिशातला फोन वाजला. त्यानं आधी पोहे ठेवले. चौतीस वर्षांची सवय, हातातली प्लेट ठेवल्याशिवाय दुसऱ्या कशाला हात लावायचा नाही. दवाखान्यातून होता. अनुसया गेली होती. झोपेतच गेली, असं सांगितलं.

पुढचं सगळं समाजानं केलं. नागपूरहून मुलगी रचना आली, लांजीहून भाऊबंद आले, बुद्धवंदना झाली, जलदान विधी झाला. रचना म्हणत होती बाबा आता नागपूरला चला. सुखराम हो-नाही करत होता. पण त्याच्या मनाला एक टोचणी होती. शब्द दिला होता. अनुसया पायानं जिना उतरली नाही हे खरं, पण शब्द तर होताच ना. ज्यानं जन्मभर दुसऱ्यांच्या प्लेटी जोखल्या, त्यानं स्वतः प्लेट रिकामी ठेवून उठावं? रचना गेल्यावर दुसऱ्या दिवशी हॉटेलातून सुटल्यावर तो सरळ दवाखान्यात गेला. दोन वाजायचे होते.

तुळसाबाई व्हरांड्यात धुतलेल्या चादरींच्या घड्या घालत होती. त्याला बघून उभी राहिली. सुखरामनं चष्म्याचं घर काढलं, नोट काढली, दोन्ही हातांनी पुढं केली.

ती दोन पावलं मागं सरली. म्हणाली, हे आमच्यात चालत नाही, भाऊ. ज्याचं माणूस चालत घरी गेलं त्याचंच घ्यायचं. मयतीचं घेतलं तर हात जड होतो, पुढच्या पेशंटला लागतो. ह्या वॉर्डात कोणी घेत नाही. सुखरामनं समजावून बघितलं. हे मयतीचं नाही, म्हणाला, हे तुमचंच आहे, शब्दावर ठेवलेलं आहे. तुम्ही मला फुकट आत घेतलं, रोज बसायला दिलं. दुनिया पैसे देऊन जिन्यावर उभी होती आणि तुम्ही माझ्या नुसत्या शब्दावर—

तुळसाबाईनं चादर खाली ठेवली.

‘फुकट नोतं, भाऊ,’ ती म्हणाली.

त्याला कळेना. तिलाही सांगवत नव्हतं. अनुसयानं तिच्याकडून वचन घेतलं होतं. पण मेलेल्या माणसाचं श्रेय असं आपल्या नावावर घेऊन तिला झोप आली नसती. मग तिनं सांगितलं. रोज सकाळी उशीखालचे तीस रुपये अनुसया तिला द्यायची. दहा गार्डाचे, वीस तिचे. दुकानदार देत होता ते चादरी-भांड्याचे, हे वेळेआधी आत घ्यायचे. त्याशिवाय दोन वाजता पुरुषमाणूस आत घ्यायची सोयच नव्हती, ठेकेदाराला कळलं असतं तर कामच गेलं असतं. रसाचं काय, असं तिनं अनुसयाला विचारलंही होतं. ती म्हणाली होती, रस पोटात ठरत नाही, हे ठरते.

सुखराम चष्म्याचं घर उघडून बंद करत राहिला.

‘मी झोपत होतो,’ तो म्हणाला. ‘तिथं येऊन मी झोपत होतो, बाई.’

‘म्या बी म्हणलं तिले. बाई, तो तर डोकं टेकून झोपते, कायले पैसे घालवते? तर म्हणे, घालवू दे. चौतीस वर्षं उभा आहे तो. बसलेला मले दिसलाच नाही कधी.’

परसवाड्याचा दुकानदार जिन्यावर उभा होता. त्यानं मान खाली घातली. सुखरामला रडू फुटलं ते तिथंच, माणसांदेखत. दिवसभर गिऱ्हाइकांसमोर हसरा चेहरा ठेवणारा माणूस, त्याला लपवायला जागा सापडली नाही. काय ऐट केली होती त्यानं! शब्दाला किंमत असते, म्हणाला होता. आणि ती भिंतीकडे वळली होती. जिनं किंमत मोजली तिलाच तो हे ऐकवत होता, आणि त्याचा शब्द खाली पडू नये म्हणून ती हौ म्हणत होती.

तुळसाबाईनं पदराची गाठ सोडली. आतून दहाच्या तीन नोटा निघाल्या, घामानं मऊ झालेल्या.

‘हे त्या दिवसाचे,’ ती म्हणाली. ‘पहाटेच देल्ले होते तिनं. तुमी आले नाही बसाले. गार्डाले बी देल्ले नाही मंग. हे तुमचे.’

सुखरामनं त्या नोटा घेतल्या. बराच वेळ हातात धरल्या. वॉर्डाचं दार अर्धवट उघडं होतं. अनुसयाची खाट अजून कोणाला दिली नव्हती. गादी उन्हात टाकली होती, नुसत्या लोखंडी पट्ट्या दिसत होत्या. स्टूल टेबलाखाली होतं.

मग त्यानं त्या तीन नोटा तुळसाबाईच्या हातावर परत ठेवल्या. ती नाही म्हणायला लागली, तेव्हा त्यानं तिची मूठ आपल्या हातानं मिटवली. आधी पैसे द्यायची ही त्याच्या आयुष्यातली पहिलीच वेळ.

‘तिचेच आहेत,’ तो म्हणाला. ‘आज बसतो.’

तुळसाबाईनं गार्डाकडे बघितलं. गार्डानं तोंड दुसरीकडे केलं. तिनं पायानं स्टूल ओढून खाटेजवळ ठेवलं. सुखराम बसला. पाठ सरळ ठेवून, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसला, आणि चारची घंटा होईपर्यंत त्यानं डोळा मिटला नाही.